उसना चष्मा

पाचवीत असताना चार-पाच महिने मला सुरत धूसर दिसत होती. ते महिने आठवले की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची थोडी लाजही वाटते.

आमच्या क्वार्टर्सच्या गच्चीवरून पूर्वेकडे कापड रंगवायचे, डाइंगचे कारखाने दिसत. त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत बांबूंवर लांबच लांब कापड वाळत घातलेलं असे. आधी मला त्या कापडाच्या कडा दिसत, ते सरकवणारी माणसं दिसत. मग हळूहळू माणसं गेली, बांबू गेले आणि नुसते रंग उरले. हवेत अधांतरी एक हळदी पट्टा, त्याच्या शेजारी एक जांभळा. वारा आला की दोन्ही एकमेकांत शिरायचे. कारखान्यांमागचा नाला एखाद्या दिवशी गुलाबी वाहायचा, एखाद्या दिवशी मोरपंखी, आणि तो नाला आहे हेच मी विसरून जायचे. रेल्वे फाटकापाशी गाडी आली की डबे, खिडक्या, बाहेर लोंबणारे हात, काही नाही. एक तांबूस रेघ लांबत जायची आणि पुसली जायची. लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज तेवढा स्पष्ट असायचा. शेजारच्या खोलीत कुणीतरी न थांबता शिवणयंत्र चालवत असावं, तसा तो दिवसभर कानात असे.

मला वाटायचं, मोठं होताना सगळ्यांनाच जग असं मऊ दिसायला लागत असेल.

बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून सुरतेला आलो. आई शिक्षिका. तिला नवागाम नावाच्या वस्तीच्या अलीकडे एका मराठी शाळेत नोकरी मिळाली आणि जाण्यायेण्याची सोय म्हणून तिने मलाही तिथेच घातलं. क्वार्टर्समधली बाकीची मुलं इंग्रजी शाळेत जायची. आमच्या शाळेत जवळजवळ सगळी मुलं खानदेशातून आलेल्यांची. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, बारा-बारा तास उभे, आया घरी बसून साड्यांना लेस लावणाऱ्या नाहीतर टिकल्या चिकटवणाऱ्या. शाळा मराठी, तरी शिक्षिकांना आम्ही गुजराती रीतीने बेन, म्हणजे ताई, म्हणायचो. शाळेच्या दारातून आत शिरलं की मीसुद्धा आईला बेन म्हणायचे.

आईची एक पद्धत होती. परीक्षेच्या गुणांवरून ती बाक ठरवायची. पहिले चार पहिल्या बाकावर, मग पुढचे चार, असं करत शेवटी शेवटचे. आमच्या शाळेत शिक्षिका वर्गाबरोबर वर चढत, त्यामुळे दुसरीपासून आम्हाला तीच होती आणि दुसरीपासून मी पहिल्या बाकावर खिडकीशी होते. आईला या पद्धतीचा अभिमान होता. "माझ्या वर्गात कुणाचा बाप कोण, हे बघितलं जात नाही," असं ती म्हणायची. खरंच होतं ते. मी तिची मुलगी म्हणून पुढे बसत नव्हते, पहिली येत होते म्हणून बसत होते. याहून न्यायाची गोष्ट मला तेव्हा सुचली नसती.

वर्गाच्या शेवटी कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. त्याच्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची, तीही दुसरीपासूनच. नवागामात राहायची. बारीक, सावळी, डोक्याला भरपूर तेल, आणि बोलताना डोळे असे बारीक करायची की समोरच्याला वाटावं, ही आपल्याला हसतेय. मुलं तिला 'माठाजवळचा माठ' म्हणायची. ती घरच्यासारखं "मले", "तुले" बोलून जायची, त्यालाही मुलं हसायची. मीही हसायचे. आई कुणाला मारत नसे, पण या मुलीची वही बघताना एक लांब श्वास सोडायची. "अगं, फळ्यावर तीन लिहिलंय, तू दोन लिहितेस. लक्ष कुठे असतं तुझं?" ती खाली बघायची. चार वर्षं हा प्रश्न आई तिला विचारत होती.

दिवाळीच्या आधी एका चाचणीत मीही तिनाचे दोन केले. एकदाच. आईने वही घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि संध्याकाळी घरी दिनदर्शिका भिंतीवरून काढून दाराशी धरली. "वाच." मला आकडे दिसेनात. रविवारी आम्ही चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतो आणि पुढच्या आठवड्यात माझ्या नाकावर तपकिरी काडीचा चष्मा होता.

चष्मा लावून मी गच्चीवर गेले तेव्हा रडू आलं. बांबू दिसले, कापड ओढणाऱ्या बायकांचे रंगलेले हात दिसले, नाल्याच्या काठाला साचलेला फेस दिसला. आई म्हणाली, "किती दिवस अंदाजाने चालवत होतीस गं?" मला का रडू येतंय ते तिला सांगता आलं नाही.

त्या थंडीत एक दिवस मधल्या सुट्टीत मी नळावर तोंड धूत होते. चष्मा कठड्यावर ठेवला होता. माठाजवळची ती पाणी भरायला आली होती. तिने चष्मा उचलला आणि मला म्हणाली, "लावू?"

"लाव. पण पाडू नको."

तिने लावला. मान इकडून तिकडे अगदी हळू फिरवली, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी. मग पटांगणापलीकडच्या भिंतीशी तिची मान थांबली. त्या भिंतीवर भारताचा नकाशा रंगवलेला होता, आम्ही शाळेत यायच्या आधीपासून.

"ते काय शे?" ती म्हणाली.

"नकाशा. भारताचा."

"कधी काढला?"

"पहिल्यापासून आहे."

ती म्हणाली, "मले वाटे, भिंतीला ओल आलीय."

मी हसले. ती हसली नाही. चष्मा न काढता ती नकाशापर्यंत चालत गेली आणि बोटाने किनारा गिरवत राहिली, घंटा होईपर्यंत.

दिवाळीनंतर गणित आम्हाला एक वयस्कर सर शिकवायला लागले. त्यांच्या तासाला कोण कुठे बसलंय याची त्यांना पर्वा नसे. फळ्यावर गणितं लिहायची आणि खुर्चीत बसायचं. त्या तासाला मी मागे जाऊन तिच्या शेजारी बसायला लागले. ठरवून असं काही झालं नाही. एक गणित मी उतरवायचे, मग चष्मा तिच्याकडे. एक ती उतरवायची, मग माझ्याकडे. चष्मा नसलेली जी असेल ती सोडवायची. माझी पाळी संपली की मी वर बघायचे आणि वर्ग पुन्हा मऊ झालेला असायचा. मुलांच्या डोक्यांच्या काळ्या गोळ्यांची एक रांग, तिच्यापलीकडे फळ्याचा हिरवट डोह, आणि खडूचा पांढरा धूर. शेजारी ती पुटपुटत आकडे मांडायची. तिचं पुटपुटणं आणि दूरचा लूमचा आवाज एकाच लयीत चालायचे. इतकं शांत मला पुढे कुठल्या वर्गात वाटलं नाही.

आणि तिला गणित येत होतं. नुसतं येत नव्हतं. मी अजून पहिली ओळ लिहीत असायचे तेव्हा ती उत्तराखाली दोन रेघा ओढून माझी वाट बघत असायची. "कसं केलंस?" विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. घरी टिकल्यांच्या पुड्या मोजायची, साडीला किती लागतील ते आईला सांगायची, तसंच केलं म्हणायची.

मला ते पहिल्यांदा गमतीचं वाटलं. मग जरा कमी गमतीचं वाटू लागलं.

जानेवारीत सरांनी चाचणी घेतली. दहा गणितं, नेहमीप्रमाणे फळ्यावर. आम्ही शेजारीच बसलो होतो, चष्मा इकडून तिकडे फिरत होता. दोन दिवसांनी सरांनी वह्या वाटल्या. माझी आठ बरोबर आली होती. तिची नऊ.

सरांनी तिला उभं केलं. "कुणाचं बघून लिहिलंस?"

ती वहीकडे बघत होती.

"विचारतोय मी. बेनच्या मुलीशेजारी बसून नऊ आणतेस. लाज वाटते का?"

माझी आठ होती आणि तिची नऊ. माझं बघून लिहिलं असतं तर नववं कुठून आणलं असतं? एवढा साधा विचार वर्गात कुणी केला नाही. जिला तो करायला दोन क्षणही लागले नाहीत ती मी होते, आणि मी गप्प बसले. चष्म्याची गोष्ट आईला कळेल याची भीती होती, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. तिची नऊ मला खुपत होती, आणि सर ओरडले तेव्हा ती खुपायची थांबली. मला बरं वाटलं. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

सरांनी तिच्या वहीतल्या नऊवर काट मारून शून्य लिहिलं आणि तिला फळ्याकडे तोंड करून उभं केलं. तास संपेपर्यंत ती तिथे उभी होती. मागून तिची तेलकट वेणी आणि फ्रॉकचं लोंबणारं बटण दिसत होतं. एकदा तिने मान जरा वळवली तेव्हा तिचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं, रडतेय.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, "आता चष्मा नाही देणार. आई रागावते." आईला काही माहीतच नव्हतं.

ती "बरं" म्हणाली. मी पुढे खिडकीशी येऊन बसले.

परीक्षा झाली. सुट्टी लागायच्या आधी आई घरी प्रगतिपत्रकं लिहायला बसली. दुपारची वेळ, पंखा बंद, कारण वाऱ्याने कागद उडत. मी समोर शेंगा सोलत होते. आई माठाजवळच्या त्या मुलीच्या नावापाशी थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "हिला काही वर ढकलता येणार नाही. पाचवीतच ठेवावं लागणार. काय करायचं या मुलीचं?"

मी म्हटलं, "तिला दिसत नाही."

"काय?"

"फळ्यावरचं दिसत नाही तिला. माझा चष्मा लावला की दिसतं. मग तिची गणितं येतात. माझ्याहून जास्त येतात." आणि मग मी चाचणीचंही सांगून टाकलं, सगळं, नऊचं शून्य झालं तेही.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. पेनाचं टोपण तिने लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाली, "तुझं मला एका दिवसात कळलं." टोपण पुन्हा काढलं. मग, "एका दिवसात कळलं गं मला तुझं."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सगळ्यांना चित्र काढायला बसवलं आणि त्या मुलीचा हात धरून तिला फळ्याजवळ नेलं. फळ्यावर एक अक्षर काढलं. "हे काय?" "क." मग एक पाऊल मागे. "हे?" "म." आणखी एक पाऊल. तिसऱ्या पावलाला ती थांबली आणि आईकडे बघायला लागली, आता आपलं काय चुकलं अशा नजरेने. पहिला बाकही अजून आला नव्हता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आई तिच्याबरोबर तिच्या घरी गेली. मलाही घेऊन गेली. नवागामात मी पहिल्यांदा आत शिरत होते. गल्ली इतकी अरुंद की आम्ही तिघी एकामागे एक चाललो. प्रत्येक दारात बायका साड्या मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि उन्हाच्या तिरिपेत खाली सांडलेल्या टिकल्या चमकत होत्या. पावलागणिक जमीन लकाकायची. मला तिथे कुणीतरी मुद्दाम चांदणं सांडून ठेवलंय असं वाटलं. आई सांभाळून, पाय उचलून चालत होती.

घर एका खोलीचं. रात्रपाळी करून आलेला तिचा बाप भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिच्या आईने घाईघाईने साडी बाजूला केली, गोधडी अंथरली. "बठा बेन, बठा. काय करं हाई पोरनी?"

"काही केलं नाही तिने," आई म्हणाली. "तिला लांबचं दिसत नाही. चष्मा लागेल."

ती बाई आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "डोया ते चांगला शेतस तिना. सुईमा दोरा ती ओवस."

"जवळचं दिसतं. लांबचं नाही."

बाईने मुलीकडे बघितलं. मुलगी चुलीशी चहाचं पाणी ठेवत होती. "माले वाटनं, पोर आयशी शे," ती हळूच म्हणाली; आळशी म्हणायचं होतं तिला. "तिना डोकामा काही जास नही, असं वाटनं. कितला डाव मारं मी तिले." आणि तिने पदर तोंडाला लावला.

आई म्हणाली, "चूक माझी आहे. चार वर्षं ती माझ्या समोर होती."

"नही बेन. तुम्हनी काय चूक? तुम्ही आमना घर उनात, हाईच मोठं शे."

आम्ही त्यांच्या घरी आलो, हेच तिला मोठं वाटत होतं. घरी जाताना फाटकापाशी गाडीसाठी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईने मला मोकळं केलं. एका वाक्यात. आणि स्वतःच्या मुलीला दिलेले मार ती आयुष्यभर मोजत बसणार." मी अकरा वर्षांची होते. मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही, पण वाक्य लक्षात राहिलं.

पुढच्या रविवारी आई आम्हा दोघींना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिचा नंबर काढला आणि आईला विचारलं, "इतकी वर्षं ही शाळेत जात होती?" आईने मान हलवली. चष्मा यायला आठवडा लागला. तो घेतला त्या दिवशी आई म्हणाली, लगेच बस नको, आधी तापीच्या पुलावर जाऊ या.

तापीला तेव्हा पाणी बरं होतं. दुपार कलत आली होती आणि नदीवर उन्हाचा पातळ पत्रा पसरला होता. ती कठड्याला धरून उभी राहिली. एक नाव चालली होती. नावेतला माणूस काहीतरी खात होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत. मग पलीकडच्या काठाकडे बोट केलं आणि आईला म्हणाली, "बेन, तिकडे बी माणसं शेतस."

"आहेत की."

"कपडे धुतायत." आणि जरा वेळाने, "ती बाई हसतेय."

मी माझा चष्मा काढून बघितलं. पलीकडचा काठ वितळून गेला. पाणी, आकाश, माणसं सगळं एकच, सोनेरी, फार गोड. मी चष्मा परत लावला, मला हवा तेव्हा. तिला चार वर्षं, कदाचित त्याहून जास्त, लावायला काही नव्हतं. ज्या धूसरपणात मी सुट्टीला गेल्यासारखी जाऊन आले होते, तिथे ती राहत होती. पुलावर मला हे असं शब्दांत सुचलं नाही. शब्द नंतर आले.

आईने तिला पाचवीत ठेवलं नाही; ती सहावीत आली. आईने बाकांची पद्धत बंद केली. दर सोमवारी सगळे एक एक बाक मागे सरकायचे आणि शेवटचे पुढे यायचे. माझी पाळी माठाजवळ आली तेव्हा मी घरी येऊन कुरकुरले. जेवताना बाबा आईला म्हणाले, "हिला पुढे बसू दे की. अभ्यास करून मिळवलेली जागा आहे तिची. फुकट नाही मिळाली."

"अभ्यास तिने केला, हे कबूल," आई म्हणाली. "पण फळा दिसत होता म्हणून केला."

"मग दिसणाऱ्याने काय डोळे मिटून बसायचं?"

"तसं नाही हो."

"मी नाही का शिकलो? आमच्या घरी कंदील होता एक."

आईने आमटी वाढली. "तुमच्या मास्तरांनी तुम्हाला त्यांच्या घरी ठेवून घेतलं होतं, सातवीपासून. तुमच्याबरोबर आणखी मुलं होती ना वर्गात? त्यांचं काय झालं?"

बाबा जेवत राहिले. ते रागावले नव्हते. ताटातला भात संपवून म्हणाले, "एक होता. माझ्याहून हुशार. मास्तरांच्या घरात जागा एकाचीच होती." मग हात धुवायला उठले. त्यांनी त्या मुलाविषयी आधी कधी सांगितलं नव्हतं, पुढेही सांगितलं नाही. मात्र माझ्या बाकाचा विषय त्यांनी परत काढला नाही.

सातवीत ती पहिली आली, मी दुसरी. मी न्हाणीघरात जाऊन रडले. आईने बाहेरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "साबण गेला डोळ्यात." मैत्रीण पहिली आली याचा आनंद व्हायला मला दोन दिवस लागले. झाला, पण दोन दिवस लागले.

ती शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे मराठी माध्यमाचं हायस्कूल शहरात, बसने जावं लागे. मला बाबांनी पास काढून दिला. तिचा बाप त्याच सुमाराला सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आणि घर तिकडे हललं. आई दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा तिने येऊन सांगितलं, तिला तिकडच्या गुजराती शाळेत घातलंय, चाललंय तिचं. मग आमचीच राहायची जागा बदलून भेस्तानकडे झाली, आईची शाळा बदलली, आणि जाणं राहून गेलं. राहून गेलं असंच आम्ही म्हणायचो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्हाला एक कारखाना दाखवायला सचिनला नेलं. आम्ही वह्या घेऊन, रांगेने, ओढण्या सांभाळत हिंडत होतो. एका दालनात मोठ्या काचेच्या टेबलांखाली दिवे लावलेले होते आणि त्यांच्यावरून कोरं कापड सतत सरकत होतं, दुधाची धार आडवी वाहावी तसं. दोन्ही बाजूंना मुली उभ्या. कापडात कुठे दोरा तुटला, कुठे डाग, ते बघायचं आणि खडूने खूण करायची. आम्हाला माहिती सांगणारे साहेब म्हणाले, सगळ्यात बारीक नजर या बेनची. त्यांनी हात केला तिकडे ती उभी होती.

तिनेच मला आधी ओळखलं. "बेन कशा शेतस?" मग जरा हसून, नीट मराठीत, "बेन कशा आहेत?"

त्यांची चहाची सुट्टी झाली तेव्हा मी माझ्या रांगेतून सुटले. आम्ही बाहेर गुलमोहोराखाली उभ्या राहिलो. दहावी गुजरातीतून केली, म्हणाली, चांगल्या मार्कांनी. मग बापाला खोकला लागला, धाकटे दोघे शिकतायत. बारावीला बाहेरून बसतेय. तिच्या बोलण्यात आता गुजराती होतं, हिंदी होतं, आणि मध्येच एखादं "मले". ती उंच झाली होती, आणि डोळे बारीक करायची सवय गेली होती.

मी तिला ते सांगितलं. चाचणीचं, नऊचं, मी गप्प बसल्याचं. इतकी वर्षं ते कुठे ठेवू ते कळत नव्हतं मला.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, तो दिवस तर माझा सगळ्यात भारी दिवस होता."

"म्हणजे?"

"सरला वाटलं मी कॉपी केली. म्हणजे इतकं बरोबर होतं ना ते! तोवर मले वाटे, माझ्यात डोकंच नाही. आणि मग फळ्याला चिकटून उभं केलं. सगळं दिसत होतं. पुढचा पूर्ण धडा लिहून ठेवला होता सरने, अपूर्णांक. मी उभ्या उभ्या वाचून काढला."

तिचे ओठ हलत होते ते त्यासाठी.

मला हलकं वाटायला हवं होतं. तिने मला तेच दिलं होतं जे तिच्या आईने माझ्या आईला दिलं, आणि तितक्याच सहज. पण मी तिच्या हातांकडे बघत होते, बोटांना खडू लागलेला, आणि माझ्या हातातल्या वहीकडे, जिच्यात मी कारखान्याची माहिती उतरवून घेतली होती. नऊच्या जागी नऊच राहिले असते, त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित तीन महिने आधी चष्मा. बापाचा खोकला आला असता तेव्हा आलाच असता. मला हे तोलता येत नाही, आणि ज्यांना चटकन येतं त्यांचा मला थोडा हेवा वाटतो. मी अभ्यास केला होता. तो खरा होता. खिडकीजवळची जागा होती. तीही खरी होती. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते मला अजून दिसलेलं नाही.

"तू काय शिकतेस?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "सरस," म्हणजे गुजरातीत छान, अगदी मनापासून. भोंगा वाजला. ती आत गेली, आणि दार बंद होईपर्यंत आतला तो पांढरा प्रवाह सरकताना दिसत राहिला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. बारावीला बसतेय म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. कुठले विषय घेतलेत, पुस्तकं आहेत का, क्लास आहे का, घरी कोण कोण आहे, असं ती विचारत राहिली. यातलं निम्मं मी विचारलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आपल्याकडे बोलावलंस ना तिला?"

बोलावलं नव्हतं. तसं मनातच आलं नव्हतं.

आईने माझ्याकडून कारखान्याचा पत्ता लिहून घेतला, आणि त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सचिनची बस धरली.